रात्रीच्या डोंगरवाटेसाठी दिवा घेताना आधी झोत पाहा

स्कॉटलंडच्या उत्तर भागात स्ट्रॅथपेफर गावाजवळच्या जंगलात जानेवारी महिन्यात माउंटन बाइकची एक शर्यत भरते. तिचे नाव ‘स्ट्रॅथपफर’. सायकल सलग 24 तास चालवायची आणि त्यातले सुमारे 17 तास अंधाराचे, कारण जानेवारीत तिथे दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. वाट खडकाळ, झाडांच्या मुळांनी भरलेली आणि कित्येकदा गोठलेली. अशा शर्यतीला उतरणारे लोक टायर आणि ब्रेक यांच्याइतकाच विचार दिव्याचा करतात.

डोंगरात रात्रभर सायकल चालवण्याला स्पर्धेचे रूप आले ते 1992 मध्ये. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात त्या वर्षी ‘24 अवर्स ऑफ कनान’ ही शर्यत सुरू झाली. त्या काळचे दिवे हॅलोजनचे असत. बॅटरी जड, उजेड पिवळट आणि जेमतेम, तोही फार वेळ न टिकणारा. पुढे एलईडी आणि लिथियम-आयन बॅटरी आल्या आणि ती अडचण संपली. आज मुठीत मावणारा दिवा हजार-दीड हजार ल्युमेन उजेड सहज देतो. त्यामुळे दिवा किती उजेड देतो हा प्रश्न आता मागे पडायला हवा होता. प्रत्यक्षात मात्र दुकानात आणि जाहिरातीत अजूनही तोच आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, आणि घेणाराही तोच पाहून पैसे मोजतो. डोंगरवाटेवर चालकाला सांभाळतो तो झोताचा आकार. ल्युमेनचा आकडा त्यानंतर येतो.

महाराष्ट्रात आधी झोत पाहण्याला एक खास कारण आहे. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथल्या बऱ्याच सायकलस्वारांकडे चांगला दिवा आधीपासूनच असतो, पण तो ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरावीक मुदतीत लांब पल्ला गाठण्याच्या सायकल-फेऱ्यांसाठी घेतलेला. अशा ब्रेव्हेच्या (बीआरएम) 300, 400 किंवा 600 किलोमीटरच्या फेऱ्यांत रात्र रस्त्यावरच काढावी लागते; 600 किलोमीटरला तर 40 तासांची मुदत असते. त्या कामाला लांबवर जाणारा, अरुंद झोत उत्तम. डांबरी रस्ता सरळ जातो, पुढचा खड्डा लांबून दिसला की झाले. बाजूला काय आहे याच्याशी चालकाला फारसे देणेघेणे नसते.

तोच दिवा घेऊन एखाद्या टेकडीवरच्या पायवाटेला लागले की चित्र बदलते. समोर लख्ख गोल दिसतो आणि त्या गोलाच्या कडेपासून मिट्ट काळोख सुरू होतो. वाट उजवीकडे वळते, झोत सरळ दरीत जातो. पेडलला घासणारा बाजूचा धोंडा दिसत नाही, करवंदीची जाळी दिसत नाही. चालक नकळत त्या लख्ख गोलाकडेच बघत राहतो, आणि माणूस जिकडे बघतो तिकडेच सायकल जाते हे पहिल्याच उतारावर कळते.

डोळ्यांची रचनाही इथे आड येते. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, आणि मध्यभागी प्रखर ठिपका असला की तो सराव होतच नाही. झोत जितका मध्ये प्रखर, तितका त्याच्या बाहेरचा भाग जास्त काळा भासतो. म्हणून मधला भाग आणि कडा यांच्या उजेडात फार फरक नसलेला, कडेला हळूहळू विरत जाणारा झोत डोंगरवाटेसाठी चांगला. दोन दिव्यांचे ल्युमेन सारखे असले तरी असा झोत देणारा दिवा जास्त ‘दाखवतो’.

रुंदीला किंमत मोजावी लागते, आणि ती समजून घेतली की निवड सोपी होते. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. जमिनीवर तो किती पडतो ते लक्समध्ये मोजतात. समजा, एका दिव्याचे 1000 ल्युमेन 20 अंशांच्या गोल झोतात एकसारखे पसरले आहेत. अशा झोतातून 20 मीटरवर सुमारे 26 लक्स उजेड मिळतो. तेच 1000 ल्युमेन 40 अंशांच्या गोल झोतात पसरवले तर त्याच अंतरावर जेमतेम साडेसहा लक्स उरतात. कोन दुप्पट केला की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, कारण झोत रुंदीला पसरतो तसा उंचीलाही पसरतो.

खरा मुद्दा इथेच आहे. डोंगरवाटेला रुंदी हवी असते ती आडवी. झोत उभा पसरून काही मिळत नाही. वरचा अर्धा आकाशात जातो आणि खालचा पुढच्या चाकासमोर पडून डोळे दिपवतो. तेच 1000 ल्युमेन 40 अंश रुंद आणि 15 अंश उंच अशा लंबगोल झोतात बसवले तर 20 मीटरवर सुमारे 18 लक्स मिळतात. म्हणजे रुंदी दुप्पट झाली आणि उजेड मात्र अरुंद झोताच्या दोन-तृतीयांशाहून किंचित जास्तच राहिला. ही आकडेमोड आदर्श झोताची आहे, प्रत्यक्षात थोडा उजेड इकडेतिकडे सांडतोच. तरी ‘वाइड बीम’ असे खोक्यावर छापलेल्या दोन दिव्यांत एक उपयोगी आणि दुसरा निरुपयोगी का ठरतो, त्याचे उत्तर यात आहे. एकाचा झोत आडवा पसरवलेला असतो, दुसऱ्याचा नुसता सगळीकडे पसरलेला.

हा आकार दिव्याच्या काचेमागे ठरतो. साध्या वाटीसारख्या परावर्तकातून मध्ये प्रखर ठिपका आणि भोवती फिकट वलय येते. काही दिव्यांत एलईडीवर पारदर्शक भिंग बसवलेले असते आणि त्यावर उभ्या रेघा किंवा लहान लहान फुगीर कप्पे असतात. ती रचना उजेड आडवा पसरवते. दोन-तीन एलईडी असलेल्या दिव्यांत एकाला अरुंद आणि बाकीच्यांना रुंद भिंग देण्याची पद्धत आहे. मोटारीच्या हेडलाइटसारखे आकार दिलेले परावर्तक वापरणारेही काही निर्माते आहेत, आणि त्यांचा झोत बहुधा सर्वांत एकसारखा पडतो. दिवा हातात आला की आधी समोरून काचेत बघावे. आत साधी गोल वाटी असेल तर खोक्यावर काहीही लिहिलेले असो, झोत गोलच पडणार.

तर मग किती रुंद? पायवाटेवरचे वळण मोजले की अंदाज येतो. हँडलबारवरचा दिवा नेहमी पुढच्या चाकाच्या दिशेने बघतो. आठ मीटर त्रिज्येच्या वळणावर चालकाला वाटेत पाच मीटर पुढची जागा पाहायची असेल तर ती चाकाच्या दिशेपासून सुमारे 18 अंश बाजूला असते. 40 अंशांचा झोत दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश जातो, म्हणजे ती जागा त्यात येते. 20 अंशांच्या झोतात ती येत नाही. पण वळण चार मीटर त्रिज्येचे, म्हणजे घाटातल्या पायवाटेवर असते तसे आखूड असेल, तर तीच जागा सुमारे 36 अंश बाजूला जाते. तिथे 40 अंशही कमी पडतात.

आणि दिवा त्याहून रुंद केला तर दूरचा उजेड जातो. तोही लागतोच. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला धोंडा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद लागला आणि खाली मुरूम असला, तर थांबायला सुमारे 12 मीटर लागतात. वेग 30 झाला की हेच अंतर 21 मीटरच्या आसपास जाते. उतारावर ते आणखी वाढते. म्हणजे सपाटीवरच्या मध्यम वेगालाही वीस-पंचवीस मीटरवर नीट उजेड हवा.

ही ओढाताण एका दिव्याने पूर्ण सुटत नाही, म्हणून अनुभवी चालक दोन दिवे वापरतात: हँडलबारवर रुंद आणि हेल्मेटवर त्याहून अरुंद. हेल्मेटचा दिवा डोक्याबरोबर वळतो. आखूड वळणावर चालक वळणाच्या शेवटाकडे बघतो आणि उजेडही तिकडेच जातो.

मग हेल्मेटवरच मोठा दिवा का लावू नये, असे नव्याने सुरुवात करणारा विचारतो. उत्तर सावलीत आहे. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ, किंचित वर असतो. दहा मीटरवरच्या दहा सेंटिमीटर उंच दगडाची सावली त्या दिव्यामुळे दगडाच्या मागेच लपते, डोळ्यांना ती दिसत नाही. सगळी जमीन सपाट भासते. हँडलबारवरचा दिवा जमिनीपासून साधारण एक मीटरवर आणि डोळे त्याहून अर्धा-पाऊण मीटर वर. त्याच दगडामागे सुमारे 45 सेंटिमीटर सावली आता डोळ्यांना दिसते. दगड केवढा, खड्डा किती खोल, पायरी कुठे तुटते हे मेंदू त्या सावलीवरूनच ओळखतो. म्हणून रुंद आणि जास्त शक्तीचा दिवा खाली, हँडलबारवर असावा आणि हेल्मेटवरचा त्याहून थोडा मंद ठेवावा. हेल्मेटचा दिवा फार प्रखर झाला की तो खालच्या दिव्याने पाडलेल्या सावल्या पुसून टाकतो.

मुख्य दिवा हँडलबारवर ठेवण्याला सह्याद्रीत आणखी एक कारण जोडले जाते. जून ते सप्टेंबर माथ्यावर धुके उतरते. धुक्यात, धुळीत किंवा थंडीत स्वतःच्याच श्वासाच्या वाफेत डोळ्यांजवळच्या दिव्याचा उजेड थेट डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी हेल्मेटचा दिवा बंद करावा किंवा अगदी कमी करावा आणि हँडलबारच्या दिव्यावर जावे. ज्याच्याकडे हेल्मेटचा एकच दिवा आहे, त्याने धुक्यात सायकल चालवू नये, ती हातात धरून चालत यावे.

बजेट एकाच दिव्यापुरते असेल तर हँडलबारवरचा रुंद झोताचा दिवा घ्यावा, असे ठामपणे सांगता येते. हेल्मेटचा दिवा पुढच्या हंगामात घेता येईल. तोवर आखूड वळणांवर वेग कमी ठेवावा लागेल, आणि तसाही तो कमीच ठेवायला हवा.

ल्युमेनबद्दल आता थोडक्यात. हँडलबारवर खरे 1000 ते 1500 आणि हेल्मेटवर 600 ते 1000 ल्युमेन बहुतेक वाटांना पुरतात. ‘खरे’ हा शब्द इथे महत्त्वाचा. टॉर्चसारख्या दिव्यांसाठी अमेरिकेत 2009 मध्ये ‘एएनएसआय एफएल 1’ नावाचे मानक आले. त्यानुसार दिवा लावल्यानंतर 30 सेकंद ते 2 मिनिटे या वेळात उजेड मोजतात. झोताचे अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ती जागा. पौर्णिमेच्या स्वच्छ रात्री चांदणे जमिनीवर साधारण तेवढे पडते. ‘रनटाइम’ म्हणजे उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ. म्हणजे खोक्यावर ‘300 मीटर’ छापलेले असले तरी 300 मीटरवर सायकल चालवण्याजोगे काही दिसणार नाही. आणि 1500 ल्युमेनचा दिवा ‘तीन तास’ चालतो असे लिहिलेले असेल, तर तिसऱ्या तासाच्या शेवटी तो 150 ल्युमेनवर आलेला असू शकतो. त्यामुळे नुसता वेळ न बघता वेळेनुसार उजेड कसा उतरतो याचा आलेख निर्मात्याने दिला आहे का, ते पाहावे. चांगले निर्माते तो देतात.

जो निर्माता असा आलेख देत नाही, त्याचा दावा घरबसल्या तपासता येतो. बॅटरीचे मिलिअँपिअर-अवर गुणिले व्होल्ट भागिले हजार, म्हणजे तिच्यातले वॅट-तास. 3500 मिलिअँपिअर-अवर आणि 3.6 व्होल्टच्या एका 18650 सेलमध्ये 12.6 वॅट-तास ऊर्जा असते. चांगला दिवा एका वॅटमागे साधारण 100 ल्युमेनच्या आसपास उजेड देतो, म्हणजे 1000 ल्युमेनला दहाएक वॅट. तर एका सेलवर 1000 ल्युमेन सव्वा तास मिळतील, चार सेलच्या संचावर पाच तास. आता कोणी दोन सेलचा दिवा दाखवून ‘5000 ल्युमेन, तीन तास’ म्हणत असेल तर हिशेब करावा: 25 वॅट-तास भागिले तीन, म्हणजे सव्वाआठ वॅट. तेवढ्यात सरासरी 800-900 ल्युमेनच निघतात. बाकीचे आकडे कागदावरचे. 18650 आकाराच्या सेलवर 9900 मिलिअँपिअर-अवर छापलेले दिसले तर तो सेल बनावट आहे, कारण त्या आकारात एवढी क्षमता बसत नाही. असा सेल घरात चार्जिंगला लावणेही धोक्याचे. भारतात लिथियम बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोकडे आयएस 16046 खाली नोंदणी सक्तीची आहे. ती खूण बॅटरीवर शोधावी आणि नसेल तर दिवा परत ठेवावा.

उष्णतेचा विषय दुकानात कोणी काढत नाही. एलईडी तापतो आणि ती उष्णता दिव्याच्या ॲल्युमिनियमच्या अंगातून, त्यावरच्या पात्यांतून वाऱ्यावर जाते. उतारावर वारा भरपूर असतो. चढावर सायकल ताशी पाच-सात किलोमीटरने चढते, वारा लागत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यात रात्रीची हवाही गरम असते. दिवा तापला की आतले सर्किट उजेड आपोआप उतरवते. हे बिघाडाचे लक्षण नाही, ती सोय आहे. पण याचा अर्थ असा की चढावर दिवा सर्वांत वरच्या पायरीवर ठेवून काही उपयोग नाही. चढावर 200-300 ल्युमेन पुरतात, बॅटरी वाचते आणि उताराला लागताना दिवा थंड असतो. त्यासाठी उजेडाच्या पायऱ्या बदलणे सोपे हवे. जाड हातमोजे घालून बटण सापडते का ते बघावे. अंगठ्याजवळ बसणारे बिनतारी बटण मिळत असेल तर त्याचे पैसे जरूर द्यावेत, कारण खडबडीत वाटेवर हँडलबारवरून हात काढायला लागणे हाच मोठा धोका आहे.

उजेडाचा रंग चवीचा प्रश्न समजला जातो, पण जमिनीप्रमाणे त्यात फरक पडतो. निळसर पांढरा, म्हणजे 6000 केल्विनच्या पुढचा उजेड आकड्यांत जास्त भरतो. 4000 ते 5000 केल्विनच्या उजेडात मात्र लाल माती, जांभा, वाळलेली पाने आणि मुळे यांचे रंग वेगळे ओळखू येतात. कोकणच्या सड्यांवर किंवा महाबळेश्वरच्या बाजूला हा फरक लगेच लक्षात येतो. धुक्यात आणि पावसातही किंचित पिवळसर उजेड डोळ्यांना सोसतो. शिवाय निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळवीचे थवे उठतात त्या दिवसांत रंगहीन काचेचा चष्मा न घालता रात्री निघूच नये.

ओला काळा कातळ ही सह्याद्रीची वेगळी परीक्षा आहे. त्यावर पडलेला उजेड पुढच्या पुढे परावर्तित होतो, चालकाकडे फारसा परत येत नाही, म्हणून तीच वाट पावसाळ्यात दुप्पट काळी वाटते. उलट नोव्हेंबरनंतरचे वाळलेले गवत एवढा उजेड परत फेकते की दिवा कमी करावा लागतो. आपण वर्षातल्या कोणत्या महिन्यांत जास्त चालवतो हे ठरवून मग शक्ती ठरवावी.

जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलींसाठी वाहतुकीच्या नियमांनुसार मंजूर दिवे मिळतात. त्यांचा झोत वरच्या बाजूला सरळ रेषेत कापलेला असतो, त्यामुळे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. रस्त्यासाठी ही रचना फार चांगली आहे आणि आपल्याकडेही ती रुजायला हवी. जंगलवाटेवर मात्र तिच्यामुळे डोक्याच्या उंचीवरची फांदी दिसत नाही, आणि वाट उठली-बसली की कापलेली रेषाही वरखाली नाचते. तेव्हा डोंगरासाठी वर थोडा सौम्य उजेड सांडणारा झोतच घ्यावा. पण मग गावाच्या रस्त्यावर आल्यावर तो खाली वळवण्याची किंवा मंद करण्याची जबाबदारी चालकावर येते. रात्री वाडीवर परतणारा माणूस, गुरे घेऊन येणारा, दुचाकीस्वार यांच्या तोंडावर हजार ल्युमेन मारणे म्हणजे त्यांना काही क्षण आंधळे करणे आहे. कोणी बोलायला थांबले तर हेल्मेटचा दिवा आधी बंद करावा.

दिवा बसवण्यात होणारी एक चूक चांगल्या झोताचीही माती करते. ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल हँडलबारच्या पुढून जातात. दिवा त्यांच्या मागे बसला तर उजेड केबलवर आपटून डोळ्यांत येतो आणि वाटेवर जाड काळ्या रेघा पडतात. स्टेमच्या पुढे, मध्यभागी दिवा आणणारा माउंट वापरावा. हँडलबारचा मधला व्यास बहुतेक सायकलींना 31.8 किंवा 35 मिलिमीटर असतो, तो आधी मोजावा. रबरी पट्ट्याचा माउंट शहरात ठीक, धक्क्यांच्या उतारावर दिवा हळूहळू खाली झुकतो. हेल्मेटवरचा दिवा दीडशे ग्रॅमच्या आत असावा आणि तो फांदीत अडकला तर मान न ओढता सुटून यावा.

पाण्याबद्दल लांबण लावण्याची गरज नाही. आयपीएक्स4 म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स6 म्हणजे जोराची धार, आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सह्याद्रीच्या पावसाला निदान आयपीएक्स6 हवे. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण सैल असेल तर या आकड्यांना अर्थ राहत नाही.

बॅटरी दिव्यातच असावी की वेगळी, हे फेरीच्या लांबीवर ठरते. दोन तासांच्या फेरीला आतली बॅटरी सुटसुटीत. रात्रभर चालवायचे असेल तर फ्रेमला बांधायची वेगळी बॅटरी किंवा चालू दिव्याला पॉवर बँक जोडता येण्याची सोय हवी. काही दिवे चार्जिंगला लावले की बंद पडतात, काही मंद होतात. हे खरेदीपूर्वी विचारावे. विमानाने लेह-मनालीकडे जाणाऱ्यांनी सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या असतात, चेक-इन सामानात त्या चालत नाहीत, आणि 100 वॅट-तासांपेक्षा मोठ्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. हंगाम संपल्यावर दिवा पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा करून ठेवू नये, साधारण निम्म्यावर ठेवावा.

ब्रिटनची एक्सपोजर, जर्मनीची लुपिन, अमेरिकेची आउटबाउंड, चीनची मॅजिकशाइन ही डोंगरातल्या सायकलींसाठी दिवे करणारी काही नावे. पहिल्या तिन्हींचे दिवे आपल्याकडे मागवायला महाग पडतात. चिनी दिवे तुलनेने सहज मिळतात आणि त्यांतले चांगले दिवे खरोखर चांगले असतात. नावापेक्षा झोत बघावा आणि तो तपासायला महागडे यंत्र लागत नाही. अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून दोन मीटरवर दिवा धरावा. 40 अंशांचा झोत भिंतीवर सुमारे दीड मीटर रुंद पडतो. त्याची उंची रुंदीच्या निम्म्याहून कमी आहे का, मधला ठिपका डोळ्यांत खुपतो का, कडा चाकूने कापल्यासारखी आहे की विरत जाते, काळे डाग किंवा निळी-पिवळी वलये आहेत का, एवढे पाहिले तरी निम्म्या दिव्यांचा निकाल लागतो. दिवा मंद पायरीवर ठेवून त्यासमोर हात भरभर हलवावा. हाताच्या अनेक तुटक प्रतिमा दिसल्या तर उजेड लुकलुकतो आहे, आणि असा दिवा तासाभरात डोळे थकवतो.

मग बाहेर यावे. ज्याच्यावर आपला हक्क आहे अशा शेतात किंवा गावच्या मोकळ्या मैदानावर पाच, दहा आणि वीस मीटरवर मुठीएवढे दगड ठेवावेत आणि तेवढ्याच अंतरांवर दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटर सरकवून आणखी काही. सायकलवर बसून झोताचा सर्वांत उजळ भाग दहा ते पंधरा मीटरवर पडेल असा दिवा वर-खाली करावा. पुढच्या चाकासमोरची जमीन फार उजळली असेल तर तो दिवा खाली झुकलेला तरी आहे, नाहीतर त्याचा झोत उभा पसरणारा आहे. जवळची जमीन लख्ख झाली की डोळ्याची बाहुली आक्रसते आणि लांबचे दगड दिसेनासे होतात. एका मित्राने दगड सरकवत राहावे आणि चालकाने ओळखावे, म्हणजे हे लगेच पटते.

रुंद झोताचा एक फायदा सायकलपलीकडचा आहे. घोणस आणि फुरसे ही दोन्ही विषारी जनावरे रात्री वाटेवर आणि वाटेच्या कडेला असतात. फुरसे तर लहानखुरे आणि मातीच्या रंगाचे, अरुंद झोतातून सहज निसटणारे. पंक्चर काढायला सायकल बाजूला घेताना, पाय टेकताना दोन्ही बाजूंची दीड-दोन मीटर जमीन दिसत असणे ही चैन नाही. जुन्नरसारख्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, तिथे रात्री पायवाटेवर न जाणेच शहाणपणाचे. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांत रात्री प्रवेश नसतो, आणि शहरांभोवतीच्या कित्येक टेकड्याही वन विभागाच्या ताब्यात आहेत. कितीही चांगला दिवा असला तरी परवानगी नसेल तिथे तो पेटवू नये. त्या अंधारावर तिथल्या प्राण्यांचा हक्क आहे.

खिशात एक लहान टॉर्च मात्र नेहमी असावी, मोठा दिवा कितीही भरवशाचा असला तरी. आणि नवा दिवा घेताना तो परत करण्याची मुदत विक्रेत्याला विचारून घ्यावी, मुदतीच्या आतच दोन रात्री तो ओळखीच्या वाटेवर सोबत्यांसह चालवून पाहावा, झोत पटला नाही तर संकोच न करता परत करावा.